बारशाला न आलेली मोठी

आमच्या घरात एक गोष्ट अनेक वर्षं सांगितली गेली, की मोठीला न्यूमोनिया झाला तेव्हा घाटकोपरच्या त्या इस्पितळाने तिला पूर्ण बरी केल्याशिवाय सोडलं नाही. ही गोष्ट सांगायची माझी बायको. ती आता नाही. गोष्ट अर्धीच खरी होती, आणि उरलेली अर्धी फक्त मला ठाऊक होती.

मोठी तेव्हा चार वर्षांची. तिला दाखल करावं लागलं त्याच आठवड्यात धाकटीचा जन्म झाला होता. बायको बाळंतीण, घराबाहेर पडायची सोय नाही. माझी आई तिच्या शेक-शेगडीत अडकलेली. मुलांच्या वॉर्डात रात्री फक्त त्यांच्या आयांना थांबू देत. पण आमच्याकडे दुसरं कोणी नाही म्हटल्यावर सिस्टरने नाराजीनेच मला परवानगी दिली. ऑफिसात रजा टाकून मी त्या बायकांमध्ये एकटा पुरुष राहिलो.

मला काहीच येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई माहुलची, कोळीण. मी मोठीचे केस विंचरायला घेतले की ती हसायची. म्हणायची, "भाऊ, वेणी घालताय का सुतळी वळताय?" मग कंगवा ओढून घ्यायची आणि पुन्हा माझ्याच हातात द्यायची, शिका म्हणून. मी शिकलो. औषध कसं पाजायचं, वाफ देताना मांडीवर कसं धरायचं, तेही. सिस्टर कडक होत्या, पण मोठीला त्या ज्या मायेने उचलायच्या, ते बघून माझी काळजी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मिटली.

त्याआधी ही मुलगी मला फक्त झोपलेली दिसायची. मी सकाळी ती उठायच्या आत निघायचो आणि रात्री उशिरा परतायचो. आता ती डोळे उघडल्याबरोबर मला शोधायची. मी नळावर गेलो तरी रडायची. सांगायला लाज वाटते, पण इतकं सुख मला पुढे कशानेच झालं नाही.

रोज दुपारी ती झोपली की शेजारच्या कोळणीला लक्ष ठेवायला सांगून मी अंघोळीला आणि डबा घ्यायला घरी जायचो, तेव्हा बायको एकच विचारायची, बारशापर्यंत आणाल ना तिला. पाळण्याच्या दोरीला मोठीचा हात लागल्याशिवाय धाकटीचं नाव ठेवायचं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. छाती तपासून म्हणाले, आज घरी नेलीत तरी चालेल. मी हात जोडले.

"साहेब, इथे फार चांगलं बघताय तुम्ही सगळे. खोकला पुरता जाऊ दे. घरी तान्हं बाळ आहे."

डॉक्टरांना ते पटलं. कारण खोटं नव्हतं, पण माझं कारण ते नव्हतं. घरी गेल्यावर ती आईच्या कुशीत शिरणार आणि मी पुन्हा रात्री उशिरा येणारा माणूस होणार, हे मला दिसत होतं.

बायकोला सांगितलं, डॉक्टर सोडत नाहीत. तिने मान वळवली. म्हणाली, "त्यांना जास्त कळतं. नीट बरी होऊ दे." बारसं झालं. माझी आई सांगत होती, नाव ठेवताना बायको सारखी दाराकडे बघत होती.

दोन दिवसांनी मोठी घरी आली. पहिली रात्र माझ्याजवळ झोपली. दुसऱ्या रात्री उठून आईकडे गेली, ती गेलीच.

गेल्या महिन्यात मोठीचा मुलगा बोरीवलीला इस्पितळात होता. तो बरा होऊन आल्यावर ती तिथल्या नर्सचं कौतुक करत होती. मग म्हणाली, आई पण असंच सांगायची ना, माझ्या वेळचं. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

"हे तुम्ही आईला सांगायला हवं होतं, बाबा," ती म्हणाली. मी मान हलवली. मग तिने हळूच विचारलं, "मी काय बोलायचे हो तुमच्याशी, तेव्हा?"

मी आठवू लागलो. खाटेचा गार दांडा आठवला, दंडावरचं तिच्या डोक्याचं वजन आठवलं. ती दिवसभर बोलायची, एवढं नक्की. पण तिचं एक वाक्यही मला तिला देता आलं नाही.