उदमांजरवाल्या ताई

घरात पाऊल टाकल्यावर ताई लगेच बोलायच्या नाहीत. चपला दाराशी काढायच्या, खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि डोळे मिटून, नाक वर करून लांब श्वास घ्यायच्या. मग विचारायच्या, "भात टाकलाय का कुणी?"

घरातली बाई गोंधळून म्हणायची, "नाही हो, अजून कुकर लावायचाय."

"शेजारी?"

"ते गावाला गेलेत."

ताई डोळे उघडायच्या. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू पाहुणचाराला आपणच आलोय. "मग वर पाहुणा आलाय. कशाला घाबरायलात? तो तुमच्यापेक्षा जास्त घाबरलाय."

उदमांजराच्या अंगाला ताज्या आंबेमोहोर भातासारखा वास येतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तुम्ही पाहिलं असेल कदाचित. मांजरापेक्षा लांब, काळपट अंग, मुंगसासारखं तोंड, अंगाएवढी शेपटी. दिवसभर कुणाच्या तरी माळ्यावर झोपायचं आणि अंधार पडला की फळं, उंदीर, कचरा असं काहीबाही शोधत हिंडायचं. आमच्या चाकणच्या पट्ट्यात झाडं गेली, शेड आल्या. ही जनावरं मात्र गेली नाहीत. पत्र्याखाली, फॉल सीलिंगमध्ये, पाण्याच्या टाकीमागे त्यांनी बिऱ्हाडं केली. आमच्यासारखीच म्हणा. आम्हीही कुठून कुठून येऊन असेच पत्र्याखाली राहिलो.

ताई मूळच्या अंबाजोगाईकडच्या. आमच्या कंपनीत क्वालिटीला होत्या, मी प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर. आवाज मोठा, चाल फास्ट. त्यांना संकोच हा प्रकार माहीत नव्हता. काम चांगलं झालं की त्या सरळ विचारायच्या, "बघा, जमलं की नाही मला?" आणि समोरचा 'जमलं' म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत. सुरुवातीला आम्ही हसायचो. पुढे आम्हीच त्यांच्या आधी म्हणायला लागलो, "जमलं ताई, जमलं."

हे वेड त्यांना कंपनीतच लागलं. एकदा डिस्पॅचच्या यार्डात रिकाम्या क्रेटमागे एक उदमांजर अडकलं होतं आणि पाच-सहा जण पाइप घेऊन धावले होते. ताई मध्ये उभ्या राहिल्या. "आधी मला मारा," म्हणाल्या. त्यांना मारायची कुणाची छाती होणार? प्राणी निघून गेला. पण आज वाचवलं तरी उद्या काय करायचं हे आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना लागली. मग त्या सुट्टीच्या दिवशी शहरातल्या प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेत जाऊन शिकू लागल्या. हातमोजे कुठले वापरायचे, पिंजऱ्याचं दार शेपटीवर पडू नये म्हणून काय करायचं, वनखात्याला कधी आणि कसं कळवायचं. परवानगीशिवाय रानटी जनावर पकडणं हासुद्धा गुन्हा आहे, हे त्या प्रत्येक घरात पहिल्यांदा सांगायच्या.

लोकांना मात्र पिंजरा बघायचा असायचा. "ताई, पिंजरा आणलाय ना?"

"पिंजरा शेवटी."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्या एका जोडप्याने बाल्कनीत बिबट्याचं पिल्लू येतं म्हणून फोन केला होता. ताई गेल्या, मांजरासाठी बाहेर ठेवलेली खाण्याची वाटी उचलून घरात ठेवली आणि बाल्कनीला टेकलेली फांदी सोसायटीला सांगून छाटायला लावली. बिबट्या पुन्हा आला नाही. त्या दोघांचा जरा हिरमोड झाला असावा. त्यांनी ऑफिसात सगळ्यांना बिबट्या म्हणून सांगून टाकलं होतं. "मग काय झालं?" ताई त्यांना म्हणाल्या, "सांगायचं, ताईंनी बिबट्या पळवला. माझंही नाव होईल."

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

तेव्हा मी आणि बायको कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहायचो. वर पत्रा, त्याच्या खाली प्लायचं छत. त्या दोन्हींच्या मध्ये रोज रात्री कुस्त्या चालायच्या. धाडधाड पळणं, खरवडणं, मधूनच लहान बाळासारखं रडणं. बायकोला वाटायचं भूत. मला पहाटे फर्स्ट शिफ्टला जायचं असायचं. एके दिवशी मी प्रेसवर उभ्या उभ्या पेंगलो. सेन्सर होता म्हणून मशीन थांबलं आणि हात वाचला. ताई लाइनवरच होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं, रागावतील असं वाटलं होतं, पण म्हणाल्या, "झोप का झाली नाही तुमची?"

मी सांगितलं. शिफ्ट सुटल्यावर त्या युनिफॉर्मवरच माझ्यासोबत कुरुळीला आल्या.

घरमालक ओट्यावर बसले होते. गावातलं जुनं घर, माणूस वाईट नव्हता, पण वैतागला होता. दोन भाडेकरू खोली सोडून गेले होते. पुढ्यात केळी सोललेली आणि शेजारी कागदाच्या पुडीत औषध.

"कशाला तरास घेतला ताई? आज ह्यो खेळ संपतोय," मालक म्हणाले. "केळात औषध घालतो न् वर फेकतो. सकाळी न्हाई दिसायचं काय."

"मालक, आधी मला वर बघू द्या."

ताईंनी माझा हात कसा वाचला ते त्यांना सांगत शिडी लावली, प्लायचा कोपरा किंचित उचलला आणि मोबाइलचा उजेड आत सोडला. आतून फिस्सकन आवाज आला.  खाली उतरल्या तेव्हा त्यांचा आवाज, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू झाला होता.

"आई आहे. पोटाशी पिल्लं आहेत."

माझ्या बायकोने तोंडावर पदर धरला. मालक मात्र ऐकेनात. "आन् माझ्या खोल्या रिकाम्या पडाया लागल्या त्येचं काय? ह्येचा हात मशिनात जाता जाता वाचला, त्येचं काय? तुमी पिंजऱ्यात धरा न् न्या."

"आईला धरलं तर पिल्लं आत उपाशी मरतील. आठवडाभर तुम्हाला वासाने बसवणार नाही. औषध घातलंत तरी तेच. शिवाय तो गुन्हा आहे, आणि पहिली तक्रार मीच देईन. तोंडावर सांगते, मागून नाही." मग त्या ओट्यावर मालकांच्या शेजारीच बसल्या. "पण थांबलात, तर तुमचं छत मोकळं करून द्यायची जबाबदारी माझी."

"बाईमाणूस असून लई बोलता राव तुमी."

"बोलते तसं करतेसुद्धा."

मालकांनी पुडी खिशात घातली. फेकली नाही, खिशात घातली. "उद्यापातुर थांबतो," म्हणाले.

ताईंनी तिथूनच वनखात्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षक आले, तरुण, शांत माणूस. त्यांनी पाहणी केली आणि त्यांचं नि ताईंचं ठरलं. अंधार पडला की आई खायला बाहेर पडणार. ती गेली की पिल्लं उचलून, चिंध्या घातलेल्या खोक्यात मागच्या भिंतीवर, उंबराच्या फांदीजवळ ठेवायची. छताची फट जाळीने बंद करायची. आई परत आली की पिल्लांच्या आवाजाने खोकं शोधेल आणि त्यांना दुसरीकडे नेईल. तिची अशी एकापेक्षा जास्त ठिकाणं असतात.

"आणि नाही नेलं तर?" बायकोने विचारलं.

ताईंनी खोकं पुढ्यात ओढलं आणि त्यात चिंध्या अंथरायला लागल्या. 

संध्याकाळ झाली आणि गल्लीच्या तोंडाशी डीजे सुरू झाला. मालकांच्या पुतण्याची हळद होती. पत्रे थरथरू लागले. वर आई पिल्लांना घेऊन कोपऱ्यात दबून बसलेली; ती कसली बाहेर पडते! ताई सारख्या वर बघत होत्या. शेवटी उठल्या आणि मालकांना शोधत मांडवात गेल्या. मी मागोमाग गेलो. भांडण होणार याची मला खात्री होती.

आवाजात काही ऐकू येईना, म्हणून ताईंनी मालकांचा हात धरून त्यांना मांडवाबाहेर आणलं. आणि त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, ती बाळंतीण आहे. तिला वाट द्या."

 मालक वळले, सरळ डीजेवाल्याकडे गेले आणि हात वर केला. आवाज थांबला. पोरं ओरडली, पुतण्या हळदीच्या अंगाने उठून आला. मालक म्हणाले, "आरं, जरा कळ काढा. माझ्या घरी बाळंतीण हाय."

ही बातमी गल्लीभर पसरली. कुणाची बाळंतीण, कधीची, हे कुणालाच कळेना, पण सगळे गप्प झाले. पुढचे दिवे मालवले. टीव्ही बंद झाले. हळदीला आलेल्या बायका अंगभर दागिन्यांनिशी आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

फटीतून आधी तोंड आलं. मग ते लांबलचक अंग पाण्यासारखं उंबरावर वाहून गेलं. ती दिसेनाशी झाल्याबरोबर ताई आणि वनरक्षक छताला भिडले. पिल्लं खोक्यात आली, मुठीएवढी, मिटमिट बघणारी. जाळी मी ठोकली. आमच्या प्रेस शॉपच्या माणसाला पत्र्यावर जाळी बसवायला काय लागतं!

मग वाट बघणं. पिल्लं बारीक आवाजात चिरकत होती. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि त्यांचा हात माझ्या बायकोच्या हातात होता. कुणी कुणाचा धरला होता कोण जाणे.

फांदी हलली. ती आली. आधी फटीकडे गेली, जाळी हुंगली, थबकली.  मग मान वळवून खोक्याकडे आली, एकाला मानेला धरून उचललं आणि उंबरावरून पलीकडच्या बांधाकडे गेली. परत आली. दुसरं नेलं. पुन्हा आली. शेवटचं पिल्लू नेताना ती भिंतीवर क्षणभर थांबली आणि आम्हा सगळ्यांकडे बघून गेली, असं माझी बायको अजून सांगते. मला ते दिसलं नाही. माझे डोळे भरून आले होते.

ताई काही विचारणार, त्याआधीच मालक मोठ्याने म्हणाले, "जमलं ताई! लई झ्याक जमलं!" आणि अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. डीजे पुन्हा लागला तेव्हा ताईंना ओढून नाचायला नेलं. वनरक्षकही नाचले.

त्यानंतर त्या गावात कुणी औषध घातल्याचं मी ऐकलं नाही. कुणाच्या वर काही वाजलं की लोक मालकांना बोलावतात, आणि मालक ऐटीत सांगतात, थांबा, आधी पिल्लं हायत का बघू.

ताई रिटायर होऊन आता अंबाजोगाईला बहिणीकडे असतात. इथं कुठेही त्यांचं नाव निघालं, की "मी होतो तिथं" असं म्हणणारे दोन-तीन जण तरी निघतात. मीही म्हणतो, आणि जरा मोठ्यानेच म्हणतो.

त्यांच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला, भाषणं झाली. पण ताईंनी गाडी वगैरे नाकारली आणि नेहमीच्या कंपनी बसनेच निघाल्या. गेटवर आम्ही सगळे रांगेने उभे होतो. कुरुळीची माणसं आली होती, मालक नवा फेटा बांधून आले होते. वॉचमनने गेट उघडलं आणि कुणी न सांगता टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. बस हळूहळू आमच्यासमोरून गेली. सगळ्यांचे हात वर. खिडकीत ताई होत्या, मांडीवर हारतुऱ्यांचा ढीग, डोकं काचेला टेकलेलं. फर्स्ट शिफ्ट पूर्ण करूनच निघाल्या होत्या. बस गेटबाहेर पडायच्या आत त्यांना गाढ झोप लागली होती.

आम्ही हात हलवतच राहिलो. कुणीही त्यांना हाक मारली नाही.