किनारीची पिशवी

रेसर सायकल सामान नेण्यासाठी नसते, हे मेव्हण्याने मला आधी सांगायला हवं होतं. त्याला शर्यतीची हौस होती. ती फिटली आणि माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती सायकल माझ्या गळ्यात पडली. वाकडं हँडल, बोटाएवढे टायर, ना मडगार्ड ना कॅरियर. आमच्या कोन गावाहून भिवंडीत रिक्षाने जायचं तर ती भरेपर्यंत नाक्यावर ताटकळायचं, म्हणून मी ती मुकाट्याने घेतली. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं मी राजनोली नाक्यावरून ट्रकांच्या कडेकडेने रोज जात-येत होतो, आणि डोक्यात एकच घोर असायचा, की सामान कशात न्यावं.

सामान थोडंथोडकं नव्हतं. मी जॉबर होतो, म्हणजे कापडाच्या कारखान्यात बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारा. जॉबरची हत्यारं स्वतःची असतात. पाने, पक्कड, हातोडी, कानस. कारखान्यात ठेवली तर सकाळपर्यंत निम्म्यांना पाय फुटतात, म्हणून ती रोज घरी न्यायची आणि रोज आणायची. वर डबा, पाण्याची बाटली आणि तेलाने माखलेला शर्ट बदलायला दुसरा शर्ट.

आधी प्लास्टिकची पिशवी हँडलला अडकवली. ती चौथ्या दिवशी चाकाच्या तारांत गेली आणि मी नाक्यावर शंभर माणसांदेखत तोंडावर आपटलो. मग रेक्झिनची खांद्याची बॅग घेतली. रेसरवर माणूस पुढे वाकून बसतो, त्यामुळे ती सरकून पोटाखाली यायची आणि गुडघा वर आला की हातोडीवर आदळायचा. मग भाच्याचं जुनं दप्तर पाठीला लावलं. पाठ घामाने भिजून जायची, पाने मणक्याला टोचायचे, आणि कारखान्यातले कामगार विचारायचे, "क्या मास्टर, कौनसी क्लास में हो?" शेवटी सायकलवाल्याकडून कॅरियर बसवून घेतला आणि सगळं ट्यूबच्या रबराने आवळून बांधलं. एका खड्ड्यात रबर सुटलं, डबा रस्त्यावर पडला आणि मागून येणारा ट्रक त्याच्यावरून गेला. बायकोच्या माहेरचा स्टीलचा डबा होता तो. भाकरीसारखा चपटा झालेला डबा मी घरी नेला, तेव्हा ती हसली नाही की रागावली नाही. "पुढच्या वेळेला तुम्ही असाल त्या जागी," एवढंच म्हणाली. तेव्हा तिला दिवस गेले होते.

पिशवीचा विचार तिनेच केला. जुनी माणसं खांद्यावर पडशी टाकायची, एक कप्पा पुढे, एक मागे. तशीच कॅरियरवर टाकायची, म्हणजे दोन्ही बाजूंना वजन सारखं. एकीकडे हत्यारं, दुसरीकडे डबा आणि शर्ट. वर झडप, झडपेला बंद. तिने ते मला वहीच्या पानावर काढून दाखवलं. फक्त कापड जाड हवं होतं.

कापडाच्या गावात कापड मागायला काय लागतं? आमच्या कारखान्यात घडी खात्यात एक काका होते. पडघ्याच्या आतल्या गावातले, साठीला आलेले. विणलेलं कापड बघायचं, डाग काढायचे, घडी घालायची, हे काम ते वीस-बावीस वर्षं करत होते. कापडाचा एखादा तुकडा फारच डागी निघाला, तर तो घडी खात्याने कुणा कामगाराला द्यावा, याला शेठची ना नव्हती. अट एकच. तुकड्याच्या दोन्ही किनारी आधी फाडायच्या. आमच्याकडे प्रत्येक मालकाची किनारीत खूण असते, रंगीत धाग्यांची. आमच्या शेठची खूण लाल, हिरवा, लाल. किनार गेली की ते कापड कुणाचंच नाही. किनारीसकट बाहेर गेलं, तर ती चोरी.

काकांनी जाड कापडाचा अडीच मीटरचा तेलकट डाग पडलेला तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवला. एरवी किनार ते स्वतः फाडत. त्या दिवशी त्यांची बोटं सुजली होती. "पोरा, बोटं चालंना आज," ते म्हणाले. "गेटाबाहेर नेण्याआदी किनार फाड. इसरू नको." मी हो म्हणालो. विसरलो असतो तर एक वेळ बरं झालं असतं. मी विसरलो नाही.

तुकडा हातात घेतला, किनारीला नख लावलं आणि थांबलो. कापडात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला जे कळतं, तेच नेमकं मला कळलं. किनार हा कापडाचा सगळ्यात घट्ट भाग. तिचे धागे सुटत नाहीत, तिला दुमड घालावी लागत नाही. पिशवी पहिल्यांदा फाटते ती तोंडाशी. तिथे किनार आली, तर पिशवी दहा वर्षं हलणार नाही. कापडातलं काही न कळणाऱ्या माणसाने ती निमूटपणे फाडून टाकली असती. मी शहाणा. तुकडा पोटाला गुंडाळून वर शर्ट घातला आणि गेटातून बाहेर पडलो. वॉचमन सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघायचा, म्हणून कामगार आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतच डबा आणायचे. माझी पिशवी मात्र त्याने कधीच उघडली नव्हती, याची मला फार मिजास होती.

"हे रंगीत धागे वर दिसतील ना?" बायकोने मशीनवर बसताना विचारलं.

"दिसू देत. तेवढीच शोभा," मी म्हणालो.

पिशवी झकास झाली. खोटं कशाला सांगू, अकरा दिवस मी सुखात होतो. हात मोकळे, पाठ मोकळी, सायकल ना डावीकडे ओढते ना उजवीकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या रस्त्यावर मान वर करून सायकल चालवली.

बाराव्या दिवशी कारखान्यातून कापडाचे दोन तागे कमी भरले. संध्याकाळी गेटवर प्रत्येकाची झडती सुरू झाली, माझीसुद्धा. वॉचमनने झडप उचलली, आत डबा आणि पाने बघितले, सोडून दिलं. मग झडप खाली टाकताना त्याचा हात थांबला. त्याने कडेवरून अंगठा फिरवला.

"मास्टर, ये तो अपने सेठ की किनारी है."

शेठ खाडीकाठच्या गावातले, आमच्याच समाजातले. जमिनीवर गोडाऊन उभी राहिली, आलेल्या पैशात त्यांनी लूम घेतले. मला कामावर त्यांनीच आणलं होतं. वॉचमनने मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि झडप उलटी करून रंगीत धागे बघितले.

"ह्यो कपडा कुनी दिला तुला?" त्यांनी विचारलं. "आपल्यातला हायस म्हनून इचारतो. न्हाय तर कवाच हाकलला असता."

चोर ठरलेल्या जॉबरला भिवंडीत कुणी दारात उभं करत नाही. एका कारखान्यातली गोष्ट चहा संपायच्या आत दुसऱ्यात पोचते. घरी बायकोला सातवा महिना होता. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं, असं मी स्वतःला पुढे कितीतरी वेळा सांगितलं. खरं म्हणजे डोक्यात काहीच आलं नाही. मी घाबरलो होतो.

"काकांनी दिलं," मी म्हणालो. ते खरंच होतं, आणि तिथेच मी थांबलो.

काकांना बोलावलं. ते हात पुसत आले. शेठनी पिशवीची झडप त्यांच्यासमोर धरली. "किनारीसकट दिला? तुमीच नेम मोडाला लागलं तं बाकीच्यांना काय सांगू? ते दोन तागे बी असंच गेलं काय?"

काकांनी किनार बघितली. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती. रागाची असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. ते थांबले होते. मी बोलेन म्हणून थांबले होते, आणि त्यांनी मला भरपूर वेळ दिला. टेबलापलीकडे लूम खडखडत होते. मी पिशवीच्या बंदाकडे बघत राहिलो.

"हां शेठ," काका म्हणाले. "म्याच दिला. किनार काढाची ऱ्हायली. बोटं चालत न्हवती, इसरलो. ताग्यांचं मला ठावं न्हाय."

त्याच संध्याकाळी त्यांना काढून टाकलं. त्यांच्या हातात आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवी होती, आत एक डबा. वॉचमनने ती उघडायला लावली, डब्याचं झाकणही काढायला लावलं. मला शेठनी पिशवी परत दिली. "घे तुजी," म्हणाले, "पन हितं आनू नको." मी हत्यारं पुन्हा रबराने बांधली. ताग्यांचा घोटाळा आठवड्याभराने उलगडला. मोजणीतच चूक होती. काकांना परत बोलवा असं कुणी म्हणालं नाही, मीही नाही.

मी पडघ्याला गेलो तो पाच-सहा महिन्यांनी, एका शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी. मुद्दाम सायकलने गेलो. त्रास झाला तर बरंच वाटेल, असा काहीतरी वेडा हिशेब होता. विचारत विचारत हायवेच्या गोडाऊनवर पोचलो. काका खोकी उतरवत होते. त्या सुजलेल्या बोटांनी. मला बघून त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि टपरीवरून दोन चहा सांगितले. पैसेही मला देऊ दिले नाहीत.

"काका, ती किनार..." मी सुरुवात केली.

"पोरगा झाला का पोरगी?"

"पोरगी."

"झ्याक झालं. बायको बरी हाय ना?"

"बरी आहे."

ते माझ्या सायकलकडे बघत होते. कॅरियरवर रबराने बांधलेला डबा होता. "पिशवी कुठं गेली? फाटली?"

"नाही काका. घरी आहे, पेटीत."

"पेटीत कशाला? वापर की. जाड कपडा हाय, त्यात किनार हाय तोंडाला." त्यांनी पेला उपडा करून शेवटचा थेंब झटकला. "पोरगी शाळत जाईल तवा दप्तर कर तिचं."

तेवढ्यात मुकादमाने हाक मारली आणि ते उठून गेले. मी त्यांना वाकून खोकं उचलताना बघितलं, एकदा, दोनदा, आणि सायकल काढली. हाक मारली असती तर ते थांबले असते. त्या दिवशीही थांबलेच होते.

परतीच्या रस्त्यावर मी शेठपुढे न बोललेलं ते वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. 'शेठ, काकांनी किनार फाडायला सांगितलं होतं, मीच ठेवली.' समोरून एक ट्रक येत होता. तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत ते बोलून झालं होतं.