अंबाडी आंबट होईना

अंबाडीची भाजी कधी खुडावी हे मला आता अगदी नीट कळतं. अंबाडी कोणती, एवढंच कळत नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत माझ्या सासूबाई लातूरहून आमच्याकडे आयर्लंडला, ब्लँचर्डस्टाउनला दोन महिन्यांसाठी आल्या आणि मार्चमध्ये जगच बंद झालं. परतीचं विमान रद्द. दोन किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. सासूबाईंनी सगळं सहन केलं: थंडी, वारा, माझे विनोद. पण मे महिन्यात एकदा ताटाकडे बघून त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"जावईबापू, अंबाडीची भाजी खाल्ल्याबिगर जिवाला चैन पडंना गेलंय बघा."

आणि पिशवीतून रुमालाची गाठ काढली. गाठीत बी होतं. मागच्या अंगणात भिंतीला लागून पाच कुंड्या मांडल्या गेल्या. भिंतीवर माझ्या बायकोनं, अश्विनीनं, पक्ष्यांसाठी दाण्यांचं भांडं टांगलं होतं. (लॉकडाउनमध्ये प्रत्येकाला काहीतरी झालं होतं. तिला पक्षी झाले होते.) दोन आठवड्यांत पाचही कुंड्यांत एकेक रोप डोकावलं. पानं हाताच्या पंजासारखी, कडांना दाते.

"हीच का हो अंबाडी?" मी पुणेकर. अंबाडी मी फक्त ताटात पाहिलेली.

"पान तर तसंच हाय," सासूबाई म्हणाल्या.

एवढ्यावर मी कामाला लागलो. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहे. आमच्याकडे जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही असं मानतात. तेव्हा मी एक वही केली. रोपाचा क्रमांक, उंची, पानांची संख्या, शेरा, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. अश्विनी म्हणाली, "निखिल, भाजी आहे ती." मी म्हटलं, "म्हणूनच."

इथे एक खुलासा करायला हवा. त्याच वर्षी मी आयरिश नागरिकत्वाचा अर्ज केला होता. त्याला एक अट असते. अर्जदार 'गुड कॅरेक्टर'चा हवा. गार्डाच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, वहीत एकदा नाव गेलं की अर्ज गेला, असं आमच्या मराठी ग्रुपवरचे जाणकार शपथेवर सांगायचे. मी सात वर्षांत लाल सिग्नलला रस्तासुद्धा ओलांडला नव्हता. (रस्ता रिकामा असला तरी! अश्विनी पलीकडे पोचून माझ्याकडे बघत हात जोडायची.) हा अर्ज म्हणजे माझा जीव की प्राण होता.

तर भाजी. ती कधी काढायची याची सासूबाईंची कसोटी एकच होती. पान खुडायचं, जिभेवर ठेवायचं. आंबट लागलं की झाली. जूनमध्ये त्यांनी पान चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट लागंना."

"ऊन कमी आहे इथे," मी म्हणालो.

जुलैत पुन्हा चावलं. "कडूच लागतंय की ओ. अन् देठ लाल पायजेत, हे हिरवेगार हायती."

"आयर्लंडची माती. पीएच वेगळा."

कारखान्यात चाचणी नापास झाली की आम्ही माल अडवून ठेवतो. घरी मी वहीत 'स्थानिक हवामानामुळे अपेक्षित फरक' असं लिहून सही केली. रोपं तोवर माझ्या खांद्याला लागली होती.

याच सुमाराला शेजारचा पॅट भिंतीवरून डोकावला. साठी उलटलेला, निवृत्त बस ड्रायव्हर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या दिवशी तो रोपांकडे बघतच राहिला.

"झाडं ग्रँड आहेत रे," तो हळूच म्हणाला. "तुझ्यासाठी?"

"छे! सासूबाईंसाठी. महिनोन् महिने मिळालं नाही ना त्यांना. फार हाल होतात."

"बिचाऱ्या. आधीपासूनची सवय?"

"लहानपणापासून! आठवड्यातून दोनदा तरी. त्यांच्या गावात सगळेच घेतात."

पॅटनं इकडेतिकडे पाहिलं. "ओढतात?"

मला वाटलं, ओरपतात का असं विचारतोय. (त्याचा उच्चार डोनेगॉलचा, माझे कान पुण्याचे.) "हो, पातळ केली तर. नाही तर भाकरीबरोबर. वरून लसणाची फोडणी."

त्या दिवसापासून सासूबाई अंगणात आल्या की पॅट टोपी काढायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "माणूस संस्कारी दिसतोय."

ऑगस्टअखेर रोपांना तुरे आले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "तुरे आले, संपलं! भाजी कोवळी असताना खुडायची असती. आता गुरंसुद्धा खाणार न्हाईत."

पॅटचं मत नेमकं उलटं. "हात लावू नकोस! आत्ताच तर मजा आहे." त्यानं स्वतःचं भिंग भिंतीवर ठेवलं आणि दोन मीटर मागे सरकला. "ते पांढरे बारीक केस दिसतात? ते तांबूस व्हायला लागले की मग. अजून दोन आठवडे. आणि हे बघ, उगाच चारचौघांत बोलू नकोस."

केवढा विनयशील माणूस! ज्ञान देतो आणि श्रेयसुद्धा नको म्हणतो! मी वहीत नवा रकाना आखला: 'तांबूस केस, टक्के'. पुढे कंसात लिहिलं, 'सल्लागार: पॅट'. रोज सकाळी भिंग घेऊन मोजत होतो. सासूबाई खिडकीतून बघायच्या आणि लेकीला म्हणायच्या, "तुझा नवरा भाजीच्या उवा बघतोय."

वासही सुटला होता. भयंकर! पाहुणे येत नव्हते म्हणून निभावलं. मी शेरा लिहिला, 'सुगंध: तीव्र. बहुधा परिपक्वता.'

तांबूस केस साठ टक्क्यांवर आले आणि घात झाला. शनिवारी दुपारी आम्ही सामान आणायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर दोन कुंड्या फुटलेल्या, दोन रोपं गायब! भिंतीवर बुटांचे ठसे.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंबट नव्हती, पर आपली होती ओ."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. मी फोन उचलला.

"निखिल, भाजीसाठी पोलीस?" अश्विनी म्हणाली.

"प्रश्न भाजीचा नाही. उद्याचा नागरिक म्हणून हे माझं कर्तव्य आहे. अर्जाच्या दृष्टीनंही चांगलं दिसेल."

तासाभरात एक गार्डा बाई आल्या. तरुण, मास्क लावलेल्या, अतिशय सभ्य. मी त्यांना सन्मानानं अंगणात नेलं आणि उरलेल्या तीन रोपांकडे हात केला. "अशीच होती. दोन नेली."

बाई रोपांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग पुन्हा रोपांकडे.

"सर, हा गांजा आहे."

"नाही नाही, ही अंबाडी. आमची पालेभाजी." पुरावा हवा म्हणून मी मोबाइलवर अंबाडीचं शास्त्रीय नाव शोधलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "हिबिस्कस कॅनाबिनस!" (कॅनाबिस म्हणजे गांजा. हे वाचायला नको होतं.)

सात वर्षांचं कॅरेक्टर तीन कुंड्यांत उभं होतं, माझ्याहून उंच!

"लावली कोणी?" बाईंनी विचारलं.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो. त्या पुढे आल्या, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मी. मी लावली. ह्यांचा काय बी संबंध नाही. सांगा त्यान्ला, मला न्या म्हणावं."

लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मी भाषांतर करणार होतो. मग मी त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. मी तोंड उघडलं, "मॅडम, माझी..." तेवढ्यात बाईंनी खिडकीतली वही उचलली. चार महिन्यांची नोंद. पानोपानी माझं पूर्ण नाव, तारीख, सही. कबुली द्यायची गरजच उरली नव्हती.

बाई वाचत गेल्या. 'तांबूस केस, टक्के' या रकान्यापाशी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, खोकला. त्या हसत होत्या. मग त्यांनी वर टांगलेलं भांडं पाहिलं, खाली कुंड्या पाहिल्या, आणि बाजूला ठेवलेली दाण्यांची पिशवी उलटून मागचा मजकूर वाचून दाखवला. त्यात भांगेचं, म्हणजे गांजाच्याच झाडाचं, बी होतं. पक्ष्यांनी सांडलं, ते रुजलं. सासूबाईंची अंबाडी आयर्लंडच्या थंडीत उगवलीच नव्हती.

त्यांनी साहेबांना फोन लावला. पलीकडून कितीतरी वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. शेवटी रोपं जप्त झाली, मला समज मिळाली, पुढची कारवाई नाही असं ठरलं. जाता जाता बाईंनी विचारलं, "चोरीची तक्रार ठेवायची का? माल सापडला तर तो तुमचाच आहे, असं तुम्हाला लेखी द्यावं लागेल."

मी तक्रार मागे घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच एक कागद न वाचता सही केली.

गाडी गेल्यावर पॅट भिंतीपाशी आला. मी त्याला सगळं सांगितलं: अंबाडी, दाणे, फोन, वही. वहीत त्याचंही नाव आहे हे ऐकून तो भिंतीला टेकला.

"थांब," तो म्हणाला, "गार्डांना तू स्वतः बोलावलंस?"

"हो ना! अर्जात गुड कॅरेक्टर दिसावं म्हणून."

पॅटनं माझ्यासमोरही टोपी काढली.

"गुड की बॅड ते सरकार ठरवेल बाबा," तो म्हणाला. "पण कॅरेक्टर आहेस, एवढं मी लिहून द्यायला तयार आहे."