काढून टाकलेलं प्रकरण

नव्या छापील कागदाचा वास आला की मला सिन्नरजवळच्या आमच्या गावातली एक दुपार आठवते. तीन ठिकाणांहून परत आलेली माझी पहिली कादंबरी नाशिकच्या एका प्रकाशकांनी अखेर स्वीकारली होती, तीही चुलतीवरच्या प्रकरणामुळे. नवऱ्यानं टाकल्यावर एकटीनं शेत सांभाळणारी ही माझी चुलती. छापण्याआधी तिला ते प्रकरण वाचून दाखवायला मी त्या दुपारी गेलो. ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "समदं खरं हाय. पण लेकीच्या सासरी वाचतील रं. काढून टाक." प्रकाशक चिडले, पुस्तक वर्षभर रखडलं, पण मी ते प्रकरण काढलं. पहिली प्रत तिलाच नेऊन दिली. आठवडाभर नातीकडून तिनं ती पूर्ण वाचून घेतली आणि मला फोन केला. "लय चांगलं लिव्हलंस," ती म्हणाली, आणि मग, "पण मी कुठंच नाय का रं त्यात?" त्यानंतर ते काढलेलं प्रकरण कितीदा तरी समोर घेऊन बसलो, पण पुढं एक ओळही लिहिली नाही. हल्ली दुसरी कादंबरी कधी, असं कुणी विचारलं की दमलोय म्हणतो आणि विषय बदलतो.