मांडीवरची माती

वर्गातल्या बहुतेकांनी सिव्हिलची डिग्री गुंडाळून ठेवली आणि कॉम्प्युटरचे क्लास लावले. त्यातले काही अमेरिकेत पोहोचले तेव्हा मी धायरीपलीकडच्या एका पाझर तलावाच्या बांधावर चिखलात उभी होते. बांधाच्या पोटात पाण्यानं भिजलेली भुसभुशीत रेती निघाली होती. अशी रेती भूकंपात हादरली तर पातळ पिठासारखी वाहू लागते आणि वरचा बांध बसतो. बांधाखाली तर घरं भराभर उभी राहत होती.

तपासणीसाठी रेतीचा नमुना नळीत भरून, तोंडाला मेण लावून घेतला होता. वाटेत गचके बसले तर रेती खाली बसते, पाणी वर येतं आणि नमुना फुकट जातो. दुसरा मिळणार नव्हता, बोअरिंगचं मशीन पुढच्या कामाला गेलं होतं. नेमकी तेव्हाच आमची जीप बंद पडली.

मी बस धरली आणि नळी मांडीवर उभी धरून बसले. कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं. “पाच वर्षांच्या आतलं आहे ना? मग तिकीट नको.”

मी मुळात चिडकी. त्यांना चांगलं सुनवावं म्हणून बांध, रेती, भूकंप सगळं बोलून टाकलं. मागे भाजीच्या पाट्या घेऊन एक मावशी बसल्या होत्या.

“बांधाखालीच घर हाय आमचं,” त्या म्हणाल्या. आणि पाटीवरचं पोतं काढून, घडी करून त्यांनी माझ्या मांडीवर नळीखाली सरकवलं.

कंडक्टर पुढे जाऊन ड्रायव्हरशी काहीतरी बोलले. त्यानंतर सिंहगड रस्त्याचा प्रत्येक खड्डा बसनं चालत्या माणसाच्या गतीनं ओलांडला. एरवी बस जरा रेंगाळली की करवादणारे पुणेकर त्या दिवशी घड्याळाकडे बघत गप्प बसले. उतरताना मी आभार मानू लागले, तर कंडक्टर म्हणाले, “सावकाश उतरा. झोपलंय ते.”

प्रयोगशाळेत मेण कापलं. वर पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता. रेती बांधात होती तशीच आली होती. मला रडूच आलं.

तपासणीत बांध धोक्याचा ठरला. तलावाचं पाणी उतरवून पायथ्याला दगडांचा भराव घातला, तोही पावसाळ्याच्या आधी. नमुना वाटेत बिघडला असता तर हे कळलंच नसतं.

त्या बसमधल्या कुणाचं नाव मी विचारलं नाही, याची अजून रुखरुख वाटते. मावशींचं घर कुठलं तेही ठाऊक नाही. त्या बाजूला गेले की बांधाखालच्या सगळ्याच घरांना मनातल्या मनात हात जोडते.