त्या बातम्या मी टाकत होतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगेन की नाही, आत्तापर्यंत नक्की नव्हतं.

आमचं एक पेज आहे — होतं म्हणू का? नाही, आहे; अजून चालतं. त्यावर तलावावरचे पक्षी आणि दुर्बिणीतलं आकाश. पक्षी मल्लू टिपायचा. चिंचोळी एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की कॅमेरा घेऊन तो थेट तलाव गाठायचा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तेजोमेघांचे फोटो शोधून त्याखाली चार ओळी लिहायचो. आणि अधूनमधून एखादी बातमी — अमुक देशात आता दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्न करता येतं. गुलाबी रोहित पक्ष्यांच्या थव्याखाली ती बातमी दिसली की वाटायचं, हेही त्याच आभाळाखालचं. लोक पक्ष्यांना भरभरून लाइक द्यायचे आणि बातमीपाशी गप्प व्हायचे. आम्हाला हसू यायचं.

मल्लू माझा कोण? घरी सांगितलं होतं, मित्र. खरं सांगतो — माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्याचं माझ्यावर.

गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात, तेव्हा सगळं सोलापूर वऱ्हाडी होतं. त्या वर्षी आम्ही गर्दीत खांद्याला खांदा लावून उभे होतो. ऊन, पांढऱ्या बाराबंद्या, हवेत उडालेल्या अक्षता — सगळं स्वप्नात चालल्यासारखं. थोड्या आमच्याही डोक्यावर पडल्या. मल्लूने माझ्या केसांतले चार दाणे वेचले, फोनच्या पारदर्शक कव्हरखाली ठेवले आणि हळूच म्हणाला, "झालं की आपलं."

तिथेच थांबता आलं असतं तर?

पुढच्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला होता. कडक भाकरी, शेंगाची चटणी, नेहमीचंच. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, त्याच्या दुकानातल्या कुणीतरी ते पेज दाखवलं होतं. त्याने ताटावरच विचारलं, या लग्नाच्या बातम्या कोण टाकतं? रागावलाही नव्हता. मीच टाकतो, असं म्हणालो असतो तर काय झालं असतं? दादा ओरडला असता, आई रडली असती. एवढंच ना?

"मल्लू टाकतो," मी म्हणालो. "माझं फक्त आकाश."

मल्लूने एकही बातमी टाकली नव्हती. एकही नाही. तोंडातला घास त्याने सावकाश गिळला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"व्हय दादा," तो म्हणाला. "मीच टाकतो की."

संध्याकाळी दादाने मल्लूच्या काकांना फोन केला. मल्लू त्यांच्याच घरी राहायचा. दोन दिवसांत त्याला घर सोडावं लागलं, मग नोकरीही सुटली. तो कुठे गेला, मी विचारलं नाही. विचारायला कुणी अडवलं होतं?

पेजवर आता नुसतं आकाश असतं. पालक म्हणतात, सर, किती निर्मळ पेज आहे तुमचं. मध्ये आणखी एका देशाची बातमी आली. मी ती दोनदा वाचली, आणि शनीच्या कड्यांचा फोटो टाकला.

एक राहिलं. त्या दुपारी त्याचा फोन ताटाशेजारी उपडा पडला होता. कव्हरखालचे चार दाणे माझ्या समोर होते. मी त्यांच्याकडे बघतच ते बोललो.