काकीचा उरलेला मेसेज

मंडळी, हे आजचंच. शेजारच्या काकीने सकाळी माझ्याकडून मुंबईतल्या लेकाला मेसेज करवला. बाबांना कुडाळला दवाखान्यात ठेवलंय, सारखं तुझं नाव घेतात.

उत्तर आलं: k ttyl.

काकी फोन घेऊन टेकडीवर गेली. "खाली रेंज नाय, म्हणान अर्धोच मेसेज इलो. उरलेलो येतलो."

मी म्हटलं, "काकी, तो तितकोच. बरं, मगे बोलूया म्हणता."

"तुका इंग्रजी कळना नाय."

काका जहाजावर असताना शब्द मोजून तार करायचे. तरी तिच्यात 'काळजी करू नको' असायचं.

हा लेक आपल्याच ग्रुपात आहे. दुपारी त्याने इथे भलामोठा विनोद टाकला, एक अक्षर न गाळता. आपण सगळे हसलो.

मित्रा, आई अजून टेकडीवर आहे. उरलेला मेसेज कधी पाठवतोस?